सेकंडहँड मॅच एअर रायफल: दहा महिने आणि ऐरोलीचा एक पावसाळा

जानेवारीत मुलीसाठी मॅच एअर रायफल घेतली, म्हणजे दहा मीटरवरच्या टार्गेटच्या स्पर्धांत वापरतात ती हवेवर चालणारी रायफल. आता दिवाळी तोंडावर आली आहे. या काळात छर्र्यांचे बावीस डबे संपले, म्हणजे अकरा हजार छर्रे. त्यातले हजारभर माझे, बाकी सगळे तिचे. घेण्याआधी मी मराठीत काही वाचायला मिळतं का ते खूप शोधलं होतं. फारसं हाती लागलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

रायफल जर्मन बनावटीची आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्याआधी ती दोघांनी वापरली होती आणि खाली ज्या तक्रारी आहेत त्यांतल्या बऱ्याच आधीच्या हातांच्या आहेत, काही तर आमच्याच. त्या कंपनीच्या माथी मारणं बरोबर नाही. तशीही रेंजवर डावी-उजवीकडे नजर टाकली तर फाइनवेर्कबाउ, वॉल्थर, अनशुट्झ, स्टायर अशी ठरलेली घराणी दिसतात, आणि सांभाळण्याच्या बाबतीत सगळ्यांच्या मागण्या जवळपास सारख्याच असतात.

पहिल्या आठवड्यात सोसायटीत तिघांनी विचारलं, ‘ऑटोमॅटिक आहे का हो?’ नाही. हिच्यात एका वेळी एकच छर्रा बसतो, तोही बोटाने ठेवायचा. नळीचा व्यास 4.5 मिलिमीटर. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिलिमीटर व्यास आणि 20 जूल ऊर्जा (छर्र्याचा जोर) या मर्यादेतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. मॅच रायफल साडेसात जूलच्या आसपास असते. आमच्या रायफलीवर पंचकोनात ‘एफ’ अक्षर कोरलेलं आहे, ती जर्मन कायद्यातली साडेसात जूलच्या आतली असल्याची खूण. पण परवाना लागत नाही म्हणून कोणी हिला खेळणं समजू नये. छर्रा सेकंदाला साधारण 170 मीटर वेगाने निघतो. तो डोळ्यात गेला तर डोळा जातो.

हाताळणीचं पहिलं शिक्षण मला मामेभावाकडून मिळालं. तो सैन्यात आहे, फेब्रुवारीत सुट्टीवर आला होता. त्याच्याकडची शस्त्रं वेगळ्या जातीची. सेमी-ऑटोमॅटिक रायफल एक गोळी सुटली की त्याच झटक्यात रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि मॅगझिनमधलं (गोळ्यांच्या पेटीतलं) पुढचं काडतूस स्वतःच चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, ओढून घेते. तो म्हणाला, ‘ताई, अपघात कुठे होतात माहीत आहे? माणूस मॅगझिन काढतो आणि समजतो की झाली रिकामी. चेंबरमधली एक गोळी तिथेच असते.’ म्हणून त्यांच्याकडे क्रम ठरलेला: आधी मॅगझिन काढायचं, मग बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारा सरकता दांडा, मागे ओढायचा, मग चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि अंधार असेल तर बोट घालून चाचपायचं. क्रम उलटा केला तर बोल्ट पुढे जाताना मॅगझिनमधली नवी गोळी आत घेतो आणि आपण रिकामी करता करता भरून बसतो.

मी मनात म्हटलं, आपल्या एकेरी रायफलीत ही भानगड नाही. दोन आठवड्यांनी कळलं की आहे. मुलीच्या नेमबाजीच्या सरांनी छर्रा ढकलणाऱ्या दाबाच्या हवेचं सिलिंडर फिरवून काढलं, बाजूला ठेवलं, रायफल टार्गेटच्या दिशेला धरून चाप ओढला आणि छर्रा सुटला. सिलिंडर काढल्यावरही आतल्या कप्प्यात एखाद-दुसऱ्या छर्र्यापुरती हवा शिल्लक राहते. म्हणजे मॅगझिन काढलं तरी रिकामी नाही, तसंच सिलिंडर काढलं तरी रिकामी नाही. मामेभावाचं बोलणं मला त्या दिवशी खरं समजलं. एअर रायफलीत आणखी एक गोष्ट आहे: छर्रा एकदा नळीत ढकलला गेला की तो चिमटीत धरून काढता येत नाही. रेंज ऑफिसरला सांगून, त्यांच्या परवानगीने, टार्गेटवर सोडूनच रायफल रिकामी करावी लागते.

म्हणून सेफ्टी फ्लॅग. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात एअर रायफलीचा फ्लॅग पूर्ण नळीभर लांब असावा लागतो आणि ते अगदी योग्य आहे. भगव्या रंगाची दोरी मागून घातली आणि पुढून बाहेर दिसली की नळीत काही नाही हे पाच फुटांवरच्या माणसालाही दिसतं, कुणाला कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. विकतचा फ्लॅग दोन महिन्यांत तुटला. त्यानंतर आम्ही गवत कापायच्या यंत्राला लावतात ती जाड नायलॉनची दोरी आणून कापून वापरतो. रेंजवर बरेच जण हेच करतात.

घरी मुलगी रोज अर्धा तास ‘ड्राय’ मारते, म्हणजे छर्र्याशिवाय नुसता नेम आणि चाप. मॅच रायफलीत त्यासाठी वेगळी सोय असते, तिला त्रास होत नाही. स्प्रिंगच्या साध्या रायफलीवर मात्र हे करू नये, छर्रा नसताना सोडली तर पिस्टनचं सील मार खातं. घरचे नियम मोजके, पण त्यांत सूट नाही. छर्रे बेडरूमच्या कपाटात कुलपात, ड्राय बाहेरच्या खोलीत. नेमाचा ठिपका बाहेरच्या पक्क्या भिंतीवर, दार किंवा खिडकीच्या दिशेला कधीच नाही. पाहुणे आले की रायफल बॅगेत आणि बॅग कुलपात. माझ्या भाच्याने मे महिन्यात ‘एकदा हातात दे ना’ म्हणून हट्ट केला. त्याला रविवारी रेंजवर नेलं, पण घरात दिली नाही.

आता सिलिंडर. माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. विकणाऱ्याने रायफल उत्तम दाखवली, नळी स्वच्छ, चाप लोण्यासारखा. सिलिंडरवर कोरलेली तारीख बघायचं मला सुचलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. घरी आल्यावर बघितलं तर ते 2014 चं. उत्पादक साधारण दहा वर्षांची मुदत देतात आणि स्पर्धेत ती मुदत पाळण्याची जबाबदारी नेमबाजाचीच असते. उपकरण तपासणीत मुलीला परत पाठवलं असतं, पण खरी काळजी ती नव्हती. आपल्या गाडीच्या चाकात सव्वादोन बारच्या आसपास हवा असते. या सिलिंडरमध्ये 200 बार, म्हणजे जवळपास नव्वद पट, आणि मूल गाल टेकवून उभं राहतं त्याच्या हातभर पुढे ते असतं. मी ते त्याच दिवशी काढून ठेवलं आणि नवं मागवलं. स्वस्तात मिळालेल्या रायफलीतली निम्मी बचत त्यात गेली. सेकंडहँड घेणाऱ्यांना हात जोडून सांगते, पैसे देण्याआधी सिलिंडर हातात घ्या आणि तारीख वाचा.

भरताना घाई करू नये. मोठ्या टाकीची चावी हळूहळू उघडायची. भसकन हवा सोडली तर सिलिंडर हाताला चांगलं गरम लागतं, आणि थंड झाल्यावर दाबाचा काटा खाली येतो. सिलिंडर रायफलीला हाताच्याच जोराने बसवायचं, पान्याने आवळायचं नाही. आणि तेल? जोडावर तेल अजिबात नको. एवढ्या दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. ओ-रिंगला, म्हणजे जोडातल्या रबरी कडीला, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसट हात पुरतो. एप्रिलमध्ये आमचा काटा रात्रीत 190 वरून 150 वर यायला लागला तेव्हा मी घाबरले होते. भरायच्या तोंडाची ओ-रिंग चिरली होती. एका दुकानाने मापात चुकीची पाठवली, दुसरी रेंजच्या मिस्त्रींनी त्यांच्या डबीतून दिली आणि प्रश्न मिटला. पूर्ण भरल्यावर आमच्या रायफलीला दोनशेच्या वर छर्रे मिळतात. स्पर्धेचे साठ आणि सरावाचे छर्रे धरूनही मधे भरावं लागत नाही.

जुलैची गोष्ट जरा तपशिलात लिहिते, कारण तिथे मी तीन आठवडे वाया घालवले. मुलीचे छर्रे अचानक डावीकडे पसरायला लागले. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं, छर्र्याहूनही कितीतरी लहान, त्यामुळे जरा काही हललं तरी स्कोअर सांगतो. मी आधी रिअर साइटचे, म्हणजे डोळ्याजवळच्या नेम धरायच्या भागाचे, क्लिक फिरवले. मग छर्रे बदलले, 4.50 ऐवजी 4.49 मापाचे. मग गालाची पट्टी वर केली. मग, आणि याबद्दल मला अजून वाईट वाटतं, चाप आणखी हलका केला. एअर रायफलीच्या चापाला नियमात किमान वजनाची अट नाही, म्हणून वाटलं की करून बघू. सरांनी ती रिकामी, फ्लॅग काढून ड्रायवर लावलेली रायफल हातात घेतली आणि बट (खांद्याला टेकणारं टोक) रबरी चटईवर हलकेच आपटला. खट्! चाप आपोआप सुटला होता. आत छर्रा असता तर तो कुठे गेला असता या विचाराने मी रात्रभर झोपले नाही.

सर ओरडले नाहीत. म्हणाले, ‘मॅडम, आधी तिच्यावरचा हात काढा.’ चाप पुस्तिकेतल्या मापावर परत आणला. मग त्यांनी ॲलन की घेऊन एकेक स्क्रू तपासला. रायफलीचा वरचा भाग दस्त्याला धरणाऱ्या दोन स्क्रूंपैकी मागचा पाऊण फेरा ढिला होता. एवढंच. तो पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळला आणि दहा छर्रे एकाच भोकात जाऊन बसले.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. प्रत्येक स्क्रूवर आणि त्याच्या शेजारच्या धातूवर नेलपॉलिशची एक सलग बारीक रेघ मारली. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला. आणि बट, गालाची पट्टी, हाताचा आधार या सगळ्यांवर जे आकडे कोरलेले असतात ते वहीत लिहून ठेवले, तारखेसकट. मुलं वाढतात, दर दोन-तीन महिन्यांनी बटची लांबी बदलावी लागते, आणि वही नसेल तर कालचं नीट होतं तिथे परत कसं जायचं ते कळत नाही. एका दिवशी एकच बदल, आणि त्यावर किमान तीस छर्रे मारून मगच मत, हा नियम मी आता कागदावर लिहून बॅगेत चिकटवला आहे.

पावसाळ्याबद्दल जर्मन पुस्तिकेत काहीच नाही, आणि त्यांना ऐरोलीच्या खाडीची हवा माहीत असण्याचं कारणही नाही. एसी रेंजवरून बाहेर पडलो आणि बॅग लगेच उघडली तर थंड धातूवर दव धरतं, चहाच्या टपरीवर थंड बाटली बाहेर काढल्यावर धरतं तसं. घरी आल्यावर बॅग अर्धा-पाऊण तास बंदच ठेवायची, मग उघडायची. त्यानंतर रायफल बॅगेतून बाहेर काढून पुसायची, कारण आतला फोम ओल धरून ठेवतो. घामाचे हात लागतात तिथे पहिला गंज येतो, आमच्याकडे छर्रा ठेवायला उघडायच्या लिव्हरच्या टोकाला आलाच. बाहेरच्या पोलादी भागावर तेलाचा बोट फिरवल्याइतका थर, आणि नळीच्या आत काही नाही. रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पाकिटं ठेवली आहेत. ती गुलाबी झाली की स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या तव्यावर मंद आचेवर कोरडी करते. जॅकेट आणि हातमोज्याला मात्र बुरशी आलीच, पंख्याखाली टांगून ठेवणं हाच उपाय.

नळीची साफसफाई लोक फार करतात असं माझं मत झालं आहे. तीन-चार डबे झाले की फेल्टचे बोळे मागून पुढे, एवढं पुरतं. लोखंडी सळई घालू नये, आणि तोंडाकडून तर मुळीच नको, तोंडाची कड दुखावली की नेम गेला.

शिशाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. छर्रे शिशाचे असतात. जुन्या पिढीतले काही जण हातातला वेळ वाचवायला छर्रे तोंडात धरायचे, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. रेंजवर डबा खायच्या आधी साबणाने हात, घरी आल्यावर परत हात, आणि सरावाचे कपडे वेगळे धुणं. मुलीला या एका बाबतीत मी रोज टोकते.

प्रवास ट्रान्स-हार्बरने. ऐरोलीहून पनवेल लोकल, दुपारची, गर्दी नसताना. बॅगेला कुलूप, फ्लॅग आत, बिलाची आणि ओळखपत्राची प्रत वरच्या कप्प्यात. एकदाच स्टेशनवर बॅग उघडायला सांगितली. मुलीने स्वतः लिव्हर उघडून दोरी दोन्ही बाजूंनी दाखवली, त्या महिला पोलिसांनी तिला रुद्रांक्ष पाटीलबद्दल विचारलं. ठाण्याचा मुलगा 2022 मध्ये कैरोला विश्वविजेता झाला, हे त्यांना ठाऊक होतं. मुलगी पनवेलपर्यंत हसत होती.

घ्यावी का? मूल वर्षभर क्लबच्या रायफलीवर टिकलं असेल तर घ्यावी, त्याआधी नाही. सेकंडहँड चालते, नळी सहसा माणसापेक्षा जास्त टिकते. सिलिंडर, ओ-रिंग, स्क्रू आणि चाप हे चार जाणत्याकडून तपासून घ्या, आणि रायफलीच्या किमतीत नव्या सिलिंडरचे पैसे धरूनच हिशेब करा. आमच्या नव्या सिलिंडरवर यंदाची तारीख आहे. ती मी वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिली आहे. खाली मुलीने स्वतःच्या अक्षरात जोडलं आहे: ‘काढलं तरी रिकामी नाही. बघायचं.’