शाळेचा आनंदमेळा: कुपनं ठेवायची की रिस्टबँड?

शाळेच्या फंडासाठी आनंदमेळा करायचा ठरला की पहिल्या मीटिंगला सगळे जण स्टॉल कुठले लावायचे यावरच बोलत बसतात. त्याच्या आधी ठरवायची गोष्ट म्हणजे पैसे कसे घ्यायचे: कुपनं विकत घेऊन दर खेळाला द्यायची, की एकदाच पैसे भरून मनगटावर पट्टी म्हणजे रिस्टबँड बांधायचा आणि हवं तितकं खेळायचं. कारण लाईन किती लागेल, बक्षिसं किती आणावी लागतील आणि शेवटी हातात काय उरेल हे सगळं त्याच्यावरच अवलंबून असतं. मी एका वर्षी कुपन काउंटरवर बसले आणि एका वर्षी रिस्टबँड होता तेव्हा रिंग टाकायच्या स्टॉलवर उभी होते, त्यामुळे दोन्ही बाजू अगदी जवळून बघितल्यात.

(प्रत्येक स्टॉलवर रोख पैसे घ्यायचा तिसरा पर्याय आहे, पण दहा स्टॉलवर दहा डबे, दहा ठिकाणी सुट्ट्यांची बोंब आणि रात्री दहा हिशोब, तो सोडूनच द्या.)

रिस्टबँडचं सगळ्यात चांगलं काय तर पैसे आधी जमा होतात. आठवडाभर आधी विकले की किती मुलं येणार याचा अंदाज येतो, ऐनवेळी पाऊस आला तरी सगळं मुसळ केरात जात नाही. आणि आईबाबांना खरंच निवांत वाटतं, एकदा पैसे दिले की दर पाच मिनिटांनी 'आई अजून एक' नाही. काउंटरला माणसंही कमी लागतात.

पण 'अनलिमिटेड' हा शब्द पोस्टरवर लिहायच्या आधी कागद-पेन घेऊन बसाच. समजा दहा खेळ आहेत आणि एका मुलाची पाळी संपून पुढचं मूल उभं राहायला २ मिनिटं लागतात, म्हणजे एका खेळावर तासाला ३० पाळ्या, दहा खेळांवर ३००, मेळा तीन तासांचा तर एकूण ९००. मुलं २२५ आली तर प्रत्येकाच्या वाट्याला फक्त ४ पाळ्या! तुम्ही अनलिमिटेड म्हणून विकलं आणि मुलाला मिळाल्या चार, बाकी वेळ लाईनीत. त्यातही धिटुकली मुलं आठ-दहा वेळा खेळून जातात आणि लाजरी दोनदाच.

बक्षिसांचंही तसंच. रिंगच्या स्टॉलवर एक मुलगा आठव्यांदा आला तेव्हा त्याचे दोन्ही खिसे शिट्ट्यांनी फुगलेले होते, त्याच्या मागे आईचं बोट धरून एक चिमुरडी पहिल्यांदाच खेळायला उभी होती आणि माझ्या खोक्यात तळाला तीन शिट्ट्या उरलेल्या. दीड तासात आमची बक्षिसं संपली होती. पाळी फुकट वाटली की मुलं परत परत येणारच, त्यांचा काय दोष. म्हणून रिस्टबँड ठेवणार असाल तर प्रत्येक पाळीला बक्षीस देऊ नका, गळ्यात एक कार्ड द्या, खेळ खेळला की त्या खेळाच्या चौकोनात शिक्का, आणि सगळे शिक्के झाले की एकाच काउंटरवर एक बक्षीस.

कुपनांचा त्रास पहिल्या अर्ध्या तासात. सगळे एकदम येतात, काउंटरसमोर ही रांग, मागून लोक ओरडतात. त्याला उपाय म्हणजे कुपनांचे संच आधीच वर्गावर्गात विकायचे आणि दारात दोन तरी काउंटर ठेवायचे. उरलेल्या कुपनांचे पैसे परत मिळणार नाहीत हेही कुपनावरच छापा, नाहीतर शेवटी वाद होतात. हिशोबाला मात्र कुपनांसारखं सोपं काही नाही. ओळीने नंबर असलेली कुपनं घ्यायची, पहिलं फाडायच्या आधीचा नंबर लिहून ठेवायचा, शेवटचा लिहायचा, वजाबाकी केली की किती विकली ते कळतं आणि डब्यातली रक्कम तेवढीच यायला हवी.

शिवाय मोठ्या खेळाला तीन कुपनं, छोट्याला एक असं करता येतं. हवेच्या फुग्याचा तो उड्या मारायचा किल्ला असतो ना, त्याचंच बघा. ८ मुलांची एक तुकडी, चढणं-उतरणं धरून ६ मिनिटं, म्हणजे तासाला ८०च मुलं, आणि यायचं असतं सगळ्यांनाच. त्यात वारा. युरोपच्या ईएन १४९६० या स्टँडर्डनुसार ताशी ३८ किलोमीटरच्या वर वारा गेला की असा किल्ला वापरायचाच नाही, आणि त्यात तडजोड नकोच. आता कुपनं असतील तर किल्ला बंद झाला तरी मुलं ती दुसरीकडे वापरतात, रिस्टबँड असेल तर पालक म्हणतात आम्ही त्याचेच तर पैसे भरले होते.

मला स्वतःला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. रिस्टबँड हातावर दिसतो, म्हणजे तो नसलेलं मूलही दिसतं. तीन मुलं असलेल्या घराला तीन बँड एकदम झेपत नाहीत, मग थोरली ताई 'मला नकोच आहे' म्हणून कडेला उभी राहते. कुपनांचा एक संच तिघांत वाटून घेता येतो, आणि ज्या घरांना तेही जड जातं त्यांच्यासाठी वर्गशिक्षकांनी सगळ्या मुलांना सारख्याच पाकिटातून कुपनं दिली तर कोणाची विकतची आणि कोणाची शाळेने दिलेली हे कोणालाच कळत नाही. रिस्टबँडच ठरला तर निदान घरामागे एक ठरावीक रक्कम ठेवा, मुलं कितीही असोत.

लकी ड्रॉ दोन्हींपासून वेगळाच ठेवा, बऱ्याच ठिकाणी त्याला लॉटरीचे नियम लागतात आणि परवानगी काढावी लागते, ती आधी बघा.

तर माझं मत असं: पहिलंच वर्ष असेल किंवा वरच्या हिशोबात मुलामागे ८ पेक्षा कमी पाळ्या येत असतील तर डोळे झाकून कुपनं. खेळ भरपूर, मुलं मोजकी आणि बक्षिसं नसलेले खेळ जास्त असतील तर रिस्टबँड मस्त चालतो. बालवाडीच्या पोरांसाठी वेगळा कोपरा करून तिथे फक्त रिस्टबँड आणि बाकी मैदानात कुपनं हेही छान जमतं, कारण एवढ्याशा मुलांना बक्षीस नाही, तोच खेळ पुन्हा खेळायचा असतो. आणि २ मिनिटं हा माझा आकडा झाला, तुमचा तुम्ही काढा: पोस्टर छापायला टाकायच्या आधी एखाद्या संध्याकाळी घरातल्या नाहीतर शेजारच्या चार-पाच मुलांना ओळीने उभं करून एक खेळ खेळायला लावा आणि मोबाईलवर वेळ लावून बघा.