मायटोटेन गोळ्या: दीड वर्षाच्या वापरानंतरचे मत

मूत्रपिंडावरील अधिवृक्क (अॅड्रेनल) ग्रंथीच्या बाह्य थराचा कर्करोग वर्षाला दहा लाखांमागे एक-दोघांनाच होतो, त्यामुळे त्यावरचे मायटोटेन हे औषध बहुतेकांनी ऐकलेलेही नसते. माझ्या बहिणीची गाठ शस्त्रक्रियेने काढल्यावर, रोग उलटण्याचा धोका मोठा असल्याने, ५०० मिलिग्रॅमच्या या गोळ्या सुरू झाल्या. औषध सोपे मुळीच नाही: रक्तातील त्याची पातळी प्रतिलिटर १४ ते २० मिलिग्रॅम राहावी लागते, ती गाठायला आम्हाला तीन महिने लागले आणि त्या काळात मळमळ व गुंगीने तिला फार त्रास दिला. स्निग्ध आहारासोबत घेतल्यास गोळी नीट शोषली जाते, ही साधी सूचना आम्हाला उशिरा मिळाली, याचे आजही वाईट वाटते. मायटोटेनमुळे अधिवृक्काचे काम मंदावते आणि तिच्या संप्रेरकाला बदली म्हणून दिलेले हायड्रोकॉर्टिझोनही शरीरात लवकर नष्ट होते, म्हणून त्याची मात्रा नेहमीपेक्षा जास्त ठेवावी लागते. नियमित रक्ततपासणीची सोय नसेल तर हे औषध सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अलीकडच्या स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही. मात्र धोका कमी असलेल्या रुग्णांनी, मायटोटेनची केवळ देखरेखीशी तुलना करणाऱ्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अदियूवो या वैद्यकीय चाचणीचे निष्कर्ष पाहता, शस्त्रक्रियेनंतर केवळ देखरेखीचा पर्याय डॉक्टरांना आवर्जून विचारावा.