ओबीएस स्टुडिओ: गावातून ऑनलाइन परिषदेत बोलणाऱ्यासाठी कितपत कामाचं?

धारणी, आर्वी किंवा अहेरीत बसूनही आता ऑनलाइन तंत्रज्ञान परिषदेत बोलता येतं. घोडं अडतं ते ऐन वेळी. लाइन जाते, लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, पण राउटर बंद पडतो आणि वक्ता अर्ध्या वाक्यात गायब. पुष्कळ आयोजक आधी रेकॉर्ड केलेलं भाषण चालवून घेतात आणि प्रश्नोत्तरं तेवढी थेट ठेवतात. विदर्भातल्या खेड्यातून बोलणाऱ्याने लाज न बाळगता हाच मार्ग धरावा. त्यासाठी स्क्रीन, कॅमेरा आणि आवाज एकत्र रेकॉर्ड करणाऱ्या ओबीएस स्टुडिओसारखं दुसरं फुकटचं साधन आमच्या पाहण्यात नाही, पण त्याच्या मूळ सेटिंगवर भरवसा ठेवला तर ते दगाही देतं.

हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर २०१२पासून आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. चित्रावर शिक्का मारत नाही, वेळेचं बंधन घालत नाही. नवख्याला पहिल्यांदा दिसते ती नुसती काळी खिडकी, आणि इथेच बरेच जण ते काढून टाकतात. सोर्स, म्हणजे कॅमेरा किंवा स्क्रीन, जोडल्याशिवाय त्यात काही दिसणारच नाही. भाषणासाठी तीन सीन, म्हणजे सोर्सच्या तीन मांडण्या, पुरतात: पूर्ण चेहरा, स्लाइड आणि कोपऱ्यात चेहरा, आणि डेमोसाठी नुसती स्क्रीन. स्क्रीन जोडूनही काळीच राहिली, तर बहुधा लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएसला ‘पॉवर सेव्हिंग’वर टाका. ब्राउझरची खिडकी काळी दिसत असेल तर कॅप्चरची पद्धत बदलून ‘विंडोज १०’ असं लिहिलेली निवडा.

आता लाइनचं. साध्या एमपी४मध्ये रेकॉर्ड करताना वीज गेली आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असली, तर अख्खी फाइल वाया जाते, कारण तिचा निर्देशांक शेवटी लिहिला जातो. एमकेव्हीत तसं नाही, बंद पडलं त्या क्षणापर्यंतचं सगळं हाती राहतं. म्हणून फॉरमॅट एमकेव्ही ठेवा. काम झाल्यावर फाइल मेनूतल्या ‘रीमक्स रेकॉर्डिंग्स’ने तिची एमपी४ करा. त्यात चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, त्यामुळे दर्जा उतरत नाही आणि वेळही फारसा लागत नाही. नव्या आवृत्त्यांतला हायब्रिड एमपी४ही वीज गेल्यावर टिकतो, पण जुन्या लॅपटॉपवर जुनी आवृत्ती असेल तर एमकेव्हीच.

सिंपल मोडमध्ये रेकॉर्डिंगचा दर्जा ‘सेम अ‍ॅज स्ट्रीम’ असेल तर पॉजचं बटण मिळत नाही. ‘हाय क्वालिटी’ निवडा, म्हणजे भोंगा सुरू झाला की थांबता येतं.

आवाजाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. चित्र थोडं फिकं असलं तरी श्रोते चालवून घेतात, आवाज फुटला की ते टॅब बंद करतात. बोलताना मीटरचं टोक पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे उणे २० ते उणे ९ डेसिबलच्या मध्ये खेळलं पाहिजे. सतत लाल झालं तर माइकची पातळी उतरवा. फिल्टरमध्ये आधी गोंगाट दाबणारं नॉइज सप्रेशन आणि त्यातही आरएनएन नॉइज ही पद्धत, मग लहान-मोठा आवाज सारखा करणारा कंप्रेसर, शेवटी आवाजाला वरची मर्यादा घालणारा लिमिटर. हा क्रम उलटा केला तर कंप्रेसर आधी कुलरचाच आवाज वर उचलतो.

आरएनएन नॉइज पंख्याची एकसुरी घरघर बऱ्यापैकी पुसतं. डेझर्ट कुलर मात्र बंदच करावा, नाहीतर आवाज डब्यातून आल्यासारखा पातळ होतो. सोयाबीन काढणीच्या दिवसांतलं थ्रेशर आणि टिनावर पडणारा पाऊस याला पुरता आवरत नाही. खोलीचा घुमाराही ते काढत नाही. रिकाम्या सिमेंटच्या खोलीत बोलणाऱ्याच्या समोर आणि बाजूला गाद्या, गोधड्या उभ्या केल्या तर जो फरक पडतो तो कोणत्याही फिल्टरने पडत नाही. ब्लूटूथचे इयरफोन टाळा, माइक चालू झाला की त्यांचा दर्जा घसरतो. वायरचा यूएसबी हेडसेट बरा. आवाज एकाच कानात येत असेल तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’मध्ये मोनोवर खूण करा.

जुन्या लॅपटॉपवर ‘एन्कोडिंग ओव्हरलोडेड’ असा इशारा येतो, म्हणजे लॅपटॉपला चित्र वेळेत दाबून साठवणं झेपत नाही. सेकंदाला ३० फ्रेम पुरेशा आहेत, ६० कशाला हवेत? एन्कोडर (चित्र दाबणारा भाग) म्हणून इंटेलच्या ग्राफिक्स चिपवरचा क्विकसिंक मिळत असेल तर तो घ्या, नाहीतर प्रोसेसरवर चालणाऱ्या एक्स२६४चा प्रीसेट ‘व्हेरीफास्ट’वरून ‘सुपरफास्ट’वर न्या. उन्हाळ्यात आणखी एक भानगड होते. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, आणि पहाटे नीट चाललेलं सेटिंग चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी फ्रेम गाळू लागतं. स्टॅट्सच्या खिडकीत गळालेल्या फ्रेमचा आकडा वाढताना दिसला की थांबा. पहाटे रेकॉर्ड करणं उष्णता आणि गोंगाट दोन्हींच्या दृष्टीने सोयीचं, फक्त कार्तिकात काकड आरतीची वेळ पाहून ठेवा.

१३६६ बाय ७६८ची स्क्रीन १२८० बाय ७२०मध्ये दाबली की कोडची अक्षरं पुसट होतात. आधी विंडोजचंच रिझोल्यूशन १२८० बाय ७२० करा, ओबीएसमधला कॅनव्हास (मांडणीचा आकार) आणि आउटपुटही तेच ठेवा. कोडचा फाँट २४च्या खाली नको, अनेक जण मोबाइलवर पाहतात.

फाइल चढवण्याचा हिशेब आधीच करा. २५०० किलोबिट चित्र आणि १६० किलोबिट आवाज धरला तर २० मिनिटांच्या भाषणाची फाइल सुमारे ४०० एमबी होते. अपलोड २ एमबीपीएस असेल तर साधारण २७ मिनिटं लागतात, तेही मध्ये तुटलं नाही तर. स्लाइड बहुतेक वेळ स्थिर असतात, म्हणून सीआरएफ (ठरावीक बिटरेटऐवजी ठरावीक दर्जा राखणारं सेटिंग) २० ते २३ ठेवलं तर फाइल बरीच लहान होते. दिलेल्या वेळेत दोन-तीन मिनिटं हातची ठेवून भाषण बसवा.

थेट प्रश्नोत्तरांसाठी ‘व्हर्च्युअल कॅमेरा’ सुरू करून झूम किंवा मीटमध्ये तोच कॅमेरा निवडता येतो. त्यातून आवाज जात नाही, माइक तिथे वेगळा निवडावा लागतो. स्वतःला स्लाइडची अक्षरं उलटी दिसली तर घाबरून चित्र फिरवू नका. ती आरशासारखी फक्त तुम्हालाच दिसतात, श्रोत्यांना सुलटीच. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा आणि दुसऱ्या कंपनीचं सिम टाकलेला मोबाइल हॉटस्पॉटसाठी हाताशी ठेवा. ओबीएस नेटवर्क सुधारत नाही. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ब्राउझर, मीटिंग आणि ओबीएस एकत्र चालवणंही जिवावर येतं. तिथे प्रश्नोत्तरांपुरतं ओबीएस बंद ठेवून साधा वेबकॅम वापरलेला बरा.

उणीव म्हणाल तर एडिटिंग अजिबात नाही. सुरुवातीचं खाकरणं कापायलाही शॉटकट किंवा केडीएनलाइव्हसारखं एडिटिंगचं सॉफ्टवेअर लागतं. आयोजकांची स्वतःची रेकॉर्डिंगची सोय असेल तर नवख्या वक्त्याने तीच वापरावी. ज्याला डेमो दाखवायचा आहे, वर्षातून दोन-चारदा बोलायचं आहे, त्याने एक शनिवार-रविवार याच्यावर घालवावा. आमच्याकडून पाचांपैकी चार. एक गुण कापला तो पहिल्या दिवशी माणसाला वाऱ्यावर सोडणाऱ्या त्या काळ्या खिडकीसाठी.