सांगलीत घर घेताय? गावभागातलं जुनं घर की सखल भागातला भरावाचा प्लॉट

गेल्या महिन्याभरात दोन-तीन जणांनी मला हेच विचारलं, म्हणून एकदाच नीट लिहितो. विश्रामबाग किंवा त्याच्या पुढं उंचावर तुमचं बजेट बसत असेल तर सरळ तिकडं घ्या, विचारच करू नका. हे लिहितोय ते ज्यांचं तिथं बसत नाही त्यांच्यासाठी, ज्यांच्यापुढं दोनच गोष्टी उरल्यात: एक नदीजवळचं गावभागातलं जुनं दुमजली घर आणि दुसरं म्हणजे शंभर फुटी रस्त्याच्या पलीकडं सखल भागात भराव टाकून पाडलेला प्लॉट. मी दोन्हीकडं राहिलोय. सखल भागात सहा वर्षं भाड्यानं आणि २०१७ पासून गावभागात स्वतःच्या घरात, म्हणजे २०१९ आणि २०२१ हे दोन्ही महापूर मी याच घरात बघितले.

भाव, पार्किंग, शाळा किती लांब वगैरे तुम्ही बघालच, मी फक्त पाण्याचं बोलतो.

आधी गावभागाची वाईट बाजू. पूर येतो आणि आला की घरात येतो, हे मनाशी धरूनच घर घ्यावं लागतं. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ (कृष्णेची पातळी तिथंच मोजतात) पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे म्हणजे बघा. २००५ ला ५३ च्या पुढं गेलेलं, आणि तीच चूक आम्ही सगळ्यांनी केली की २००५ ला अमुक पायरीपर्यंत आलेलं ना, मग आताही तिथंच थांबेल, म्हणून लोकांनी सामान त्या हिशोबानं उचलून ठेवलं आणि पाणी त्याच्या वर चार फूट गेलं. आमचं धान्य, गाद्या, पोरांची पुस्तकं, सगळं गेलं. आईला घेऊन आम्ही मिरजेला बहिणीकडं होतो, पाणी उतरल्यावर दार उघडलं तेव्हाचा वास अजून नाकात आहे. घरातला गाळ काढायलाच आठ दिवस लागले. २०२१ ला परत ५५ च्या आसपास आलं, पण तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो, फ्रीज-वॉशिंग मशीनसकट सगळं दोन दिवस आधी वर चढवलं आणि निघालो, नुकसान झालं ते भिंतीच्या रंगाचं आणि दोन दारांचं.

हे दोन दिवस मिळतात, माझ्या मते गावभागाची खरी जमेची बाजू हीच. कृष्णेचा पूर एकदम अंगावर येत नाही. कोयनेतून विसर्ग वाढला की ते पाणी कराडवरून खाली सांगलीत पोचायला बरेच तास जातात, वारणेला पाणी असलं तर ती हरिपूरच्या संगमावर कृष्णेला पुढं सरकू देत नाही आणि सांगलीत फुगवटा येतो, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. आमच्या गल्लीच्या कोपऱ्याला किती फुटाला पाणी लागतं तो आकडा मला पाठ आहे, शेजारच्या काकूंना पाठ आहे, मोबाईलवर ‘आयर्विन किती?’ एवढं विचारलं तरी पुढचं सगळं ठरतं. ४० ला इशारा पातळी आली की आम्ही बांधाबांध सुरू करतो. शेजारचे एकमेकांची कपाटं उचलायला येतात, कुणाला बोलवावं लागत नाही.

आता सखल भाग. घरं नवी, रस्ते सरळ, गाडी दारात, आणि एजंट सांगतो की इथं २०१९ चं पाणी एवढंच आलेलं, आता भराव टाकलाय, काळजी नको. या ‘भराव टाकलाय’वरच मला थोडं लांब बोलायचंय, कारण माझा निर्णय इथंच झाला.

जुनी माणसं पांढर आणि काळी वेगळी धरायची, गाव वसवायचं पांढरीवर आणि शेती करायची काळीत. काळ्या रानात घर बांधायला कुणी जात नव्हतं, कारण ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि पुराचं पाणी पसरायला जागा लागते ती नेमकी तीच. सांगलीच्या आजूबाजूला ओत होते, म्हणजे पावसाचं पाणी नदीकडं जायच्या आणि पुराचं पाणी मागं सरकायच्या नैसर्गिक सखल वाटा. शहर वाढलं तसे हे ओत बुजवून प्लॉट पडले. पाण्याची वाट बुजली तरी पाणी यायचं थांबत नाही ना, ते आता कंपाउंडमधून वाट काढतं.

आम्ही भाड्यानं राहत होतो ते घर बांधलं तेव्हा रस्त्यापेक्षा दोन फूट उंच होतं असं मालक सांगायचे. आम्ही गेलो तेव्हा ते रस्त्याच्या बरोबरीला आलेलं, कारण दर वेळी जुन्या डांबरावरच नवीन डांबर. मग शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर बांधकाम सुरू झालं, त्यांनी तीन फूट भराव टाकला, त्यांचंही चूक नाही, त्यांना त्यांचं घर वाचवायचंय. पण त्या जूनपासून त्यांच्या प्लॉटवरचं सगळं पाणी आमच्या अंगणात. दुसऱ्या वर्षी पलीकडच्यांनी चार फूट टाकला. मोठा पाऊस झाला की संडासचा चेंबर उलटा यायचा, नदी तिकडं आयर्विनला २० फुटांच्या पातळीला निवांत वाहत असायची आणि आमच्या घरात घोट्याएवढं पाणी. नदीचा संबंधच नाही! रात्री पावसाचा जोर वाढला की मी उठून बॅटरी घेऊन अंगणातलं पाणी बघायचो, सहाही पावसाळे. ते पाणी उतरायलाही आठवडे लागायचे, काळ्या मातीत ते मुरत नाही, डास आणि चिखल दिवाळीपर्यंत.

हे प्रत्येक गल्लीत असंच असेल असा माझा दावा नाही, काही ठिकाणी गटारी बऱ्या झाल्यात असं ऐकतो. पण तुमचा भराव आज कितीही उंच असला तरी शेजारचा पुढच्या वर्षी त्याच्यावर जाणारच, आणि या शर्यतीत तुम्ही एकदा घर बांधलं की परत उंच होऊ शकत नाही. मला तरी हे सहन झालं नाही. गावभागात निदान कुणी भराव टाकत नाही, जोती दगडी आणि कुणाच्या आजोबांनी ठरवलेल्या उंचीला, आहेत तशी आहेत.

कृष्णेवर खाली कर्नाटकात अलमट्टी धरण आहे, त्याच्यामुळं पाणी इथं तुंबतं म्हणतात, त्याचं काय, हे कुणी ना कुणी विचारणारच. २०१९ नंतर वडनेरे समिती नेमली होती, तिनं पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही, अतिवृष्टी आणि पूरपट्ट्यातली अतिक्रमणं यावर बोट ठेवलं. सांगली-कोल्हापुरात अनेकांना ते पटलेलं नाही, आणि कर्नाटकला धरणाची उंची ५१९ मीटरवरून ५२४ वर न्यायचीय म्हटल्यावर भीती वाटणारच, मलाही वाटते. पण ते आपल्या हातात नाही. नदीच्या वाटेत पुलांचे भराव, नदीकाठच्या मळीची गाळाची माती वीटभट्टीला गेलेली, काठापर्यंत ऊस, आणि पाणी पसरायच्या जागेवर आपलीच घरं, हे आपण केलंय. मी पण सहा वर्षं बुजलेल्या ओतावरच राहत होतो हे नंतर कळलं, एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सांगितलं की इथं भादव्यात आम्ही मासे धरायचो.

ज्यांच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे किंवा जे वर्षातले सहा महिने बाहेरगावी असतात त्यांना मी गावभाग सुचवणार नाही, सामान उचलायला आणि वेळेत निघायला घरात हातीपायी धड माणसं लागतात. वरचा मजला नसेल तरीही नको. आणि घर पाडून नवीन बांधायचा विचार असेल तर आधी पूररेषेच्या नकाशावरची निळी रेषा बघा, तिच्या आत निषिद्ध क्षेत्र असतं, निळी आणि लाल रेषेच्या मधे नियंत्रित, व्यवहाराच्या आधी महापालिकेत नकाशावर आपला सर्व्हे नंबर दाखवून घ्या. नंतर रडून उपयोग नाही. बाकी ज्यांना जमेल त्यांनी, मला विचाराल तर, गावभागच बघावा.

सखल भागातलाच प्लॉट पसंत पडला असेल तर एवढं करा, बुकिंग मे महिन्यात करू नका. जुलैत सलग तीन दिवस पाऊस झाला की चौथ्या दिवशी सकाळी तिथं जा, एजंटला न सांगता, आणि प्लॉटवर नको, शेजारच्या सगळ्यात जुन्या घराचं दार वाजवा. त्यांच्या उंबऱ्याकडं बघा आणि रस्त्याकडं बघा.