घरावरची नोटीस, कार्डांची थकबाकी आणि कोर्टातली मोफत मदत : माझा अनुभव

हॉटेलांचे आणि मिक्सरचे अभिप्राय सगळेच लिहितात. मी विधी सेवा प्राधिकरणाबद्दल, म्हणजे मोफत वकील मिळवून देणाऱ्या सरकारी यंत्रणेबद्दल लिहिते आहे. घर जप्तीची नोटीस हातात घेऊन बसलेल्या माणसाला ही सेवा आपल्याच कोर्टात, एक पैसा न घेता मिळते, हे आमच्या गल्लीत कुणालाही माहीत नव्हतं. वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसलेली किमान दोन घरं मी डोळ्यांसमोर पाहिली आहेत.

आम्ही इचलकरंजीचे. खर्चीवर चालणारे बारा साधे माग, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, मजुरी आमची. मंदीत खर्चीचा दर पडला, वीजबिल मात्र कमी झालं नाही. कामगारांचा आठवड्याचा पगार चुकवायचा नाही, असं यांचं धोरण. त्यासाठी दोन खासगी बँकांची क्रेडिट कार्डं वापरात आली आणि दोन्ही मिळून थकबाकी साडेतीन लाखांच्या घरात गेली. घरावर शहरातल्या एका सहकारी बँकेचं कर्ज होतं, हप्ता साडेतेरा हजारांचा. यांना दवाखान्यात ठेवावं लागलं त्या काळात हप्ते थांबले आणि पुढे नोटीस आली. माझं नाव सहकर्जदार, त्यामुळे पाकिटं दोन.

नोटीस होती सरफेसी कायद्याची, म्हणजे तारण ठेवलेली मालमत्ता बँकेला कोर्टात न जाता ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची, कलम १३(२). बारा लाख सात हजार रुपये ६० दिवसांत भरा, नाहीतर घराचा ताबा घेऊ. आमच्या एका नातेवाइकाने ठासून सांगितलं, "सहकारी बँकेला हा कायदा लागूच नाही, खुशाल फाडून टाक." असं सांगणारे अजूनही भेटतात, म्हणून लिहिते: लागू आहे. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी तसा निकाल दिला, आणि तो खटला आपल्याच जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेचा होता. पतसंस्थेचं कर्ज असेल तर गोष्ट निराळी. तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला येतो, त्याचा रस्ता वेगळा.

वकिलाआधी आम्हाला एक कंपनी भेटली. नाव लिहीत नाही. यांच्या पुतण्याने मोबाइलवर जाहिरात पाहिली होती, 'कर्ज निम्म्यात मिटवा'. फोनवरचा मुलगा गोड बोलायचा. म्हणाला, आजपासून घराचा आणि कार्डांचा एकही हप्ता भरू नका, बँकेचे फोन उचलू नका, दर महिन्याला आमच्याकडे पैसे जमा करा, पुरेसे साठले की आम्ही बोलणी करू. वर नोंदणी फी. मी एवढंच विचारलं, घराच्या नोटिशीला ६० दिवसांत उत्तर तुम्ही देणार का, ते लेखी द्या. लेखी काहीच मिळणार नव्हतं. कार्डाच्या थकबाकीसाठी सांगितलेली युक्ती ते घराच्या कर्जालाही लावत होते आणि ६० दिवस त्यात निघून गेले असते. मी पैसे दिले नाहीत.

मी घरी शिकवणी घेते. तिथे येणाऱ्या एका मुलीची आई कोर्टात कारकून आहे. तिने सांगितलं, "बाई, तुम्हाला वकील फुकट मिळतो. बाईमाणसाला उत्पन्नाची अटसुद्धा नाही." खरंच आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कलम १२ मध्ये ज्यांना मोफत वकील मिळतो त्यांची यादी आहे. त्यात स्त्रिया आहेत, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आहेत, अपंग व्यक्ती आहेत, औद्योगिक कामगार आहेत. या यादीतल्या लोकांना उत्पन्न विचारत नाहीत. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा लागते. कर्जात माझं नाव असल्याचा हा एक फायदा झाला: अर्ज मी केला.

तालुक्याला समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण. आमचं प्रकरण कोल्हापूरला, कसबा बावड्याच्या न्याय संकुलात गेलं. अर्ज एक पानाचा. सोबत आधार कार्ड, नोटिशीची प्रत आणि काय हवं आहे ते चार ओळींत. प्राधिकरणाचे सचिव स्वतः न्यायाधीश असतात, हे मला तिथे कळलं. पॅनेलवरच्या एक वकीलबाई नेमून मिळाल्या. त्यांचं नाव त्यांना विचारल्याशिवाय कसं लिहू, म्हणून मॅडमच म्हणते.

मॅडमनी पहिल्याच भेटीत टेबलावर दोन ढीग केले. एकात घराच्या कर्जाचे कागद, दुसऱ्यात कार्डांचे. म्हणाल्या, "ताई, आजपासून ही दोन कर्जं एकत्र मोजायची नाहीत. घराच्या कर्जाला तारण आहे, बँक कोर्टात न जाता ताब्यापर्यंत येऊ शकते. कार्डाला तारण नाही. कार्डवाला कितीही ओरडला तरी सरफेसीखाली तुमच्या घराला हात लावू शकत नाही, त्याला दावा करावा लागेल, नाहीतर लवादाकडे जावं लागेल. तुमच्याकडे महिन्याला जो रुपया उरतो तो आधी कुठे जाणार, सांगा?"

या एका प्रश्नासाठी मी या सेवेला पैकीच्या पैकी गुण देईन. तोवर आम्ही उलटंच वागत होतो, कारण कार्डवाल्यांचे फोन दिवसातून दहा यायचे आणि सहकारी बँकेचा साहेब महिन्यातून एकदा सभ्यपणे निरोप पाठवायचा. जो जास्त ओरडेल त्याला पैसे जात होते.

मग मॅडमनी कार्डाचा हिशेब समजावून सांगितला. थकलेल्या एक लाखावर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे ३,५०० रुपये व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ६३०. 'मिनिमम ड्यू' म्हणून पाच टक्के, ५,००० भरले तर त्यातले ४,१३० इथेच संपले. मुद्दल कमी झालं ८७० रुपयांनी. शिवाय मागची बाकी असताना नवी खरेदी केली तर पहिल्या दिवसापासून व्याज, बिनव्याजी मुदत मिळत नाही. हे ऐकल्यावर हे बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या दोन्ही कार्डांना आम्ही 'मिनिमम' इमानदारीने भरत आलो होतो.

घराच्या नोटिशीला उत्तर गेलं कलम १३(३अ) खाली. नोटिशीवर हरकत घ्यायचा हक्क त्याच कायद्यात आहे आणि बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. मॅडमनी कर्जखात्याचा पूर्ण उतारा मागवला. त्यात दंडव्याज मूळ रकमेत मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावलेलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ एप्रिल २०२४ पासून हे चालत नाही. हप्ता चुकला तर दंड आकारता येतो, पण तो व्याजात मिसळून त्यावर व्याज चढवता येत नाही. बँकेने ती रक्कम मुकाट्याने वळती केली. रक्कम फार मोठी नव्हती, पण त्यानंतर बँकेतला आमच्याशी बोलण्याचा सूर बदलला, हे नक्की.

सगळ्यात उपयोगी गोष्ट मात्र पुढे कळली. नोटिशीत बारा लाख मागितलेले असतात म्हणून माणूस हबकतो. पण थकलेले सगळे हप्ते आणि त्यावरचं व्याज पूर्ण भरलं तर खातं एनपीएतून, म्हणजे बँकेच्या थकीत कर्जांच्या यादीतून, बाहेर येऊन पुन्हा नियमित होऊ शकतं. 'पूर्ण' हा शब्द महत्त्वाचा, एखादा-दुसरा हप्ता भरून चालत नाही. आमची ती थकबाकी सत्तर हजारांच्या आसपास होती. बारा लाख कुठून आणायचे, यावर आमच्या घरात झोप उडाली होती, आणि प्रश्न होता सत्तर हजारांचा! चार जुने माग भंगारात काढले, माझ्या पाटल्या तारण ठेवल्या आणि मुदतीच्या आत रक्कम भरली. बँकेकडून खातं नियमित झाल्याचं पत्र मॅडमनी मागून घेतलं. तोंडी 'झालं, झालं' यावर त्यांचा अजिबात विश्वास नव्हता.

ज्यांचे ६० दिवस उलटून गेले आहेत त्यांच्यासाठी, मॅडमकडून जेवढं समजलं तेवढं: दारावर ताब्याची नोटीस चिकटली आणि दोन वर्तमानपत्रांत छापून आली, तरी तो बहुतेकदा कागदावरचा ताबा असतो. प्रत्यक्ष घर रिकामं करायला बँक जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकारी यांच्याकडे कलम १४ खाली अर्ज करते. त्या ताब्याविरुद्ध ४५ दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जाता येतं. आपल्यासाठी ते पुण्याला. गावातल्या दिवाणी कोर्टात स्थगिती मागायला जाऊन वेळ घालवू नका, कायद्याने त्याला तो अधिकारच नाही. आणि पूर्ण रक्कम भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. लिलावाच्या आदल्या रात्री पैसे जमले, असं २०१६ च्या दुरुस्तीनंतर उपयोगाचं नाही.

कार्डांचं प्रकरण लोकअदालतीत गेलं, दावापूर्व म्हणून, म्हणजे बँकेने कोर्टात दावा लावायच्या आधीच. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा भरते. एका टेबलामागे न्यायाधीश आणि त्यांच्यासोबत पॅनेलवरची माणसं, समोर बँकेचा अधिकारी आणि आम्ही. मॅडमनी दोन्ही कार्डांचे उतारे आधीच वेगळे काढले होते: खरेदी किती, भरले किती, आणि बाकीत व्याज, उशिराचा आकार आणि कर किती. पहिल्या बँकेच्या माणसाने मोठा आकडा सांगितला. न्यायाधीशांनी तो कागद त्याच्यापुढे सरकवला आणि विचारलं, "यात यांनी खर्च केलेले किती?" तो फोन घेऊन बाहेर गेला, परत आला, आकडा खाली आला. दोन्ही मिळून एक लाख नव्वद हजारांवर मिटलं, चार हप्त्यांत. दुसरी बँक त्या दिवशी एकरकमीवरच अडून बसली होती, न्यायाधीशांनी समजावल्यावर हप्त्यांना तयार झाली.

आता या सेवेच्या मर्यादा. लोकअदालत बँकेवर जबरदस्ती करू शकत नाही. दोघं राजी असतील तरच तडजोड. बँकेचा माणूस आलाच नाही तर पुढच्या अदालतीपर्यंत थांबा. तडजोडीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही. म्हणून जे हप्ते कबूल कराल ते भरता येतील एवढेच कबूल करा, नाहीतर बँक तोच निवाडा घेऊन वसुलीला येईल. कार्ड कमी रकमेत मिटवलं की सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदवहीत, 'सेटल्ड' अशी नोंद राहते, 'क्लोज्ड' नाही, आणि पुढची काही वर्षं नवं कर्ज अवघड जातं. आम्हाला हे आधी स्पष्ट सांगितलं गेलं आणि आम्ही विचार करून हो म्हटलं. पॅनेलच्या वकिलांकडे इतरही कामं असतात. फोन लगेच उचलला जाईल असं नाही. पण कागद वेळेत गेले, एकही तारीख चुकली नाही. आणि हे ठासून सांगते, त्यांचं मानधन प्राधिकरण देतं. कुणी तुमच्याकडे पैसे मागितले तर सरळ सचिवांकडे तक्रार करा. माझ्याकडे चहाचेही मागितले नाहीत.

वसुलीवाल्यांबद्दल. एकजण रात्री साडेनऊला फोन करून म्हणाला, उद्या पोलीस घेऊन येतो. शेजारच्या बाईंनाही फोन गेला होता, ते मला जास्त लागलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही, नातेवाईक-शेजाऱ्यांपुढे बदनामी तर नाहीच नाही. कार्डाचे पैसे थकणं हा गुन्हा नाही. चेक किंवा ऑटो-डेबिट परत गेलं तर मात्र खटला होऊ शकतो, ते सांभाळा. मी तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवले आणि बँकेला लेखी तक्रार दिली. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, माहितीचा नंबर १४४४८. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही, बँकेकडे तक्रार गेल्यावर रात्रीचे फोन थांबले.

आज घराचे हप्ते चालू आहेत. कार्डांचे चारही हप्ते थेट कार्डखात्यात भरले, कुणाच्या यूपीआयवर नाही, आणि दोन्ही 'नो ड्यूज' पत्रं फायलीत आहेत. मॅडमच्या सांगण्यावरून शिकवणीच्या पैशांचं खातं मी वेगळ्या बँकेत काढलं, कारण कार्डाच्याच बँकेत बचत खातं असेल तर थकबाकी तिथून परस्पर वळती होऊ शकते.

ज्यांना जायचं आहे त्यांनी १५१०० या नंबरवर फोन करावा किंवा आपल्या तालुक्याच्या, जिल्ह्याच्या कोर्टात विधी सेवेचं कार्यालय विचारावं. सोबत आधार कार्ड, कर्जमंजुरीचं पत्र, खात्याचा उतारा, कार्डांची बिलं न्या. नोटीस ज्या पाकिटातून आली ते पाकीटही न्या, फेकू नका. पोस्टाचा शिक्का त्याच्यावर असतो आणि दिवस कधीपासून मोजायचे हे त्यावरून ठरतं.