संत्र्याच्या बगिच्यालगतची शेगडी

वरूडहून मोर्शीकडे जाताना, संत्र्याच्या एका बगिच्याला लागून असलेल्या टिनाच्या छपरीत शनिवारी आणि रविवारी मसाल्यात मुरवलेले डुकराचे मांस फळांसह निखाऱ्यांवर भाजून मिळते. मी तेथे डिसेंबरात आणि पुन्हा मार्चमध्ये जेवलो. दोन्ही वेळची चव सारखी नव्हती, आणि त्या फरकाचे मूळ फळातच असल्यामुळे हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

येथे खांद्याचे, मधून चरबी असलेले मांस घेतात, आणि ही निवड अगदी योग्य आहे, कारण निव्वळ लाल मांस निखाऱ्यावर लवकर कोरडे पडते. दोन बोटे रुंदीच्या तुकड्यांना मीठ, आले, लसूण, वायगावची हळद आणि भिवापुरी मिरची लावून ते रात्रभर ठेवतात. कच्ची पपई मात्र पाट्यावर वाटून भाजण्याच्या तासभर आधीच लावतात. पपईतील पपेन हे विकर (एन्झाइम) मांसातील प्रथिने तोडते, पण ते खोलवर शिरत नाही, त्यामुळे वेळ वाढवला तर आतले मांस मऊ होण्याऐवजी वरचा थर तेवढा पिठूळ होतो. संत्र्याच्या रसाचे काम निराळे आहे: त्यात असे विकर नसते, त्याचा आंबटपणा चरबीचा जडपणा कापतो. ही समज मला मोठ्या शहरांतल्या हॉटेलांतही क्वचितच दिसली आहे.

डिसेंबरात आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस आलेल्या फुलोऱ्याची, आंबटगोड संत्री होती. बाभळीच्या कोळशाच्या मंद बाजूला तुकडे आधी शिजवून, मग तेज निखाऱ्यावर आणून, शेवटच्या दोन-तीन मिनिटांत शेगडीवरच्या काकूंनी त्यावर रस फिरवला, तेव्हा तुकड्यांवर तांबूस, चकचकीत थर चढला. सालीसकट अर्धी कापलेली संत्री आणि पेरूच्या जाड फोडी त्याच जाळीवर भाजल्या होत्या. गरम संत्रा मांसावर पिळून ज्वारीच्या भाकरीबरोबर खाण्यात जी तृप्ती मिळाली, तिच्यासाठी मी पुन्हा साठ किलोमीटर जाईन.

मार्चमध्ये मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, फळे आली होती, ती जास्त गोड. गोड रसातली साखर आगीवर लवकर करपते, तरीही रस पूर्वीच्याच वेळी लावला गेला आणि तुकड्यांच्या कडा कडवट झाल्या. शिवाय पपई सकाळपासून लावून ठेवल्याने वरचा थर लिबलिबीत झाला होता. मी सांगितल्यावर काकूंनी वाद घातला नाही. त्यांनी रात्री मुरवलेल्या मांसाला नव्याने पपई लावली, मला तासभर बसवून दुसरी थाळी भाजली आणि रस अगदी शेवटी लावला. ती थाळी डिसेंबरच्या तोडीची होती.

गावात मोकाट फिरणारी डुकरे पाहिलेल्या माणसाला संकोच वाटणे स्वाभाविक आहे, कारण अर्धकच्च्या मांसातून पट्टकृमी पोटात जाऊ शकतो. येथील जनावरे बंदिस्त गोठ्यात वाढवलेली आहेत. मालकांनी तो गोठा मला स्वतः नेऊन दाखवला. मांस शिजले की नाही, हे ते सर्वांत जाड तुकडा कापून ठरवतात. तरी त्यांनी सुईचा तापमापक घ्यावा, असा माझा आग्रह आहे: आत ६३ अंश सेल्सिअस तापमान आल्यावर तुकडा खाली उतरवून तीन मिनिटे थांबले की मांस सुरक्षितही होते आणि रसदारही राहते. रंगावरून एवढा नेमका अंदाज येत नाही.

एका माणसाची थाळी ३५० रुपयांना आहे आणि तीत दोन भाकरी, कांदा व ठेचा येतो. ठेचा फार तिखट असल्याने फळाची चव दबते, म्हणून तो बाजूला ठेवावा. पार्सल घेऊ नये. डब्यात वाफ धरली की रसाचा तो चकचकीत थर ओला होऊन सुटतो, आणि घरी पोहोचेपर्यंत उरते ते साधे भाजलेले मांस.