रिक्त सत्य शिकायचंय? लीन ४ वापरून बघा

'जर-तर' विधानात पूर्वांग, म्हणजे 'जर'चा भाग, खोटं असेल तर संपूर्ण विधान खरं धरतात, हेच रिक्त सत्य. सत्यता सारणी पाठ करूनही हे पटत नाही. लीन ४ या मोफत सिद्धता-तपासनीसात, म्हणजे गणिती सिद्धता तपासणाऱ्या संगणक प्रणालीत, मात्र ते हाताने करून बघता येतं.

'प्रत्येक नैसर्गिक संख्या न साठी, न शून्याहून लहान असेल तर न बरोबर ७' असं विधान लिहा. 'इंट्रो' या आज्ञेने संख्या आणि गृहीतक हाताशी घ्या, मग 'ओमेगा' ही पूर्णांकांची समीकरणं-असमानता आपोआप सोडवणारी आज्ञा द्या. सिद्धता लगेच पूर्ण! ७ च्या जागी ७०० लिहा, तरी पूर्ण. उजवीकडच्या खिडकीत प्रत्येक पायरीला हाताशी काय आहे आणि काय साधायचंय ते दिसतं. हीच खिडकी या साधनाचा जीव आहे.

धोकाही इथेच. चुकून 'क्ष ३ पेक्षा लहान' आणि 'क्ष ५ पेक्षा मोठा' अशी दोन्ही गृहीतकं दिलीत, तर काहीही सिद्ध होतं आणि लीन एका शब्दाने सावध करत नाही. ही मला मोठी उणीव वाटते. उपाय सोपा आहे: जे सिद्ध करायचंय त्याच्या जागी तात्पुरतं 'फॉल्स' (कायम खोटं असलेलं विधान) लिहा. तेही सिद्ध झालं, तर गृहीतकंच परस्परविरोधी आहेत.

सुरुवात ब्राउझरमधल्या आवृत्तीवरच करा. संगणकावर मॅथलिब हे लीनचं गणिताचं ग्रंथालय घेताना तयार कॅशे (आधीच बांधून ठेवलेल्या फाइली) उतरवून घ्यायला विसरलात, तर ते सगळं आपल्या संगणकावर बांधण्यात तासन्‌तास जातात.